तलावाच्या पाळीखाली पाणी झिरपतंय, भिंत फुटेल का?

पाणी नितळ अन् थोडं असेल तर सहसा घाबरायचं कारण नाही. गढूळ असेल तर आजच पाटबंधारे शाखेत कळवा. मातीचं धरण झिरपतंच, मग ते गोंदियाचं इटियाडोह असो की गावचा लघु तलाव. आत काळ्या चिकणमातीचा गाभा, बाहेर मुरूम, अन् मुरलेलं पाणी वाळूच्या गाळणीतून पायथ्याच्या नालीत निघावं अशीच रचना असते. गढूळ पाणी म्हणजे भिंतीतली माती वाहून चालली, आत पोकळी वाढतेय. काचेच्या बाटलीत पाणी भरून तासभर ठेवा, गाळ बसतो का बघा. मात्र तलावाची पातळी तीच असताना झिरपा वाढला, किंवा पायथ्याच्या वर उतारावर ओल आली, तर नितळ पाण्यावरही विसंबू नका.