पापणी लोंबते तर डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन का सांगतात? थायमस म्हणजे थायरॉईडच का?

नाही भाऊ, थायरॉईड गळ्यात, थायमस ही वेगळी ग्रंथी छातीच्या हाडामागे. लहानपणी मोठी असते, टी पेशींना (रोगांशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी) आपलं-परकं ओळखायला शिकवते, मग वयात आल्यावर आकसून तिची चरबी होत जाते. ही शिकवणी बिघडली की शरीर नस आणि स्नायूच्या जोडावरच अँटीबॉडी (एरवी जंतूंवर हल्ला करणारी प्रथिनं) सोडतं, स्नायू लवकर थकतात, तोच आजार मायस्थेनिया ग्रॅव्हिस. आमच्या जळगावच्या मावशीचं असंच, सकाळी ठणठणीत, संध्याकाळी एक पापणी खाली अन कळण्याची भाकरी चावता चावता जबडाच थकायचा, घरचे म्हणे नजर लागली! मायस्थेनियाच्या साधारण १० ते १५ टक्के पेशंटमध्ये थायमोमा, म्हणजे थायमसची गाठ निघते, म्हणून सीटी. गाठ असली तर शक्यतो ऑपरेशन करून काढतात, जोडीला पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या, म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचवणारं औषध. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इमर्जन्सी गाठा.