कारखान्यांना माल देणाऱ्या लहान वर्कशॉपनं कॅटलॉग छापावा, व्हिडिओ करावा की वेबसाइट?

भाऊ, तुमचं म्हणणं असं की घरचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, माल दुकानात नाही तर थेट मिलला आणि कारखान्याला जातो, मार्केटिंगसाठी थोडे पैसे बाजूला काढलेत, तर कॅटलॉग, व्हिडिओ, वेबसाइट, फ्लेक्स यातलं नेमकं काय करू. मी कारंजा लाडच्या बाजूला दालमिलच्या चाळण्या आणि एलिव्हेटरच्या (धान्य वर चढवणाऱ्या पट्ट्याच्या) बकेटा बनवतो, कापसाच्या जिनिंगचंही थोडंफार काम असते, तर माझ्या अनुभवाचं सांगतो, पुण्यामुंबईच्या मोठ्या कंपन्यांचं मला काही विचारू नका.

पहिले फ्लेक्स डोक्यातून काढा. माझ्या वहीत अकोला, वाशिम, यवतमाळ मिळून सगळे धरून साठ-पासष्ट मिलवाले आहेत, तेवढ्यासाठी चौकात फ्लेक्स लावणं म्हणजे एका पाव्हण्यासाठी गावजेवण घालणं.

कॅटलॉगचं जरा सविस्तर सांगतो कारण तिथं मी स्वतः पैसे बुडवलेत. २०१७ मध्ये हौसेनं बारा पानी कॅटलॉग छापला, चकचकीत आर्ट पेपर, १००० कॉप्या (प्रेसवाला म्हणाला पाचशेत अन् हजारात फरकच किती), पहिल्या पानावर वडलांचा फोटो, दुसऱ्यावर आमचे ध्येय वगैरे. एका दालमिलमध्ये घेऊन गेलो, शेठनं पानं उलटली, छान छान म्हटलं आणि मिस्त्रीला बोलावून त्याच्या हातात दिला. मिस्त्रीनं कानावरचा पेन काढला आणि चाळणीच्या फोटोशेजारी माप लिहायला लागला, तर त्या गुळगुळीत कागदावर पेनच उठेना. दोनदा गिरवलं, झटकलं, मग म्हणतो, "बाप्पा, याच्यावर तं लिवताच येत नाई, अन् भोक किती एमएमचं हाय हे कुठी लिवलं?" लिहिलंच नव्हतं! बारा पानं, आणि भोक किती, पत्रा १६ गेजचा की १८ चा, एका ठिकाणी नाही. त्यानं माप शेवटी तळहातावर लिहिलं. त्यातल्या सातशे कॉप्या अजून घरी माळ्यावर आहेत.

तेव्हा कळलं की आपला कागद एकाच माणसाकडं जात नाही, मिलमध्ये तीन हात असतात, मिस्त्री, मालक आणि मुनीम, तिघांना वेगवेगळं पाहिजे असते आणि आपण तिघांना एकच पुस्तक देतो. म्हणून काय छापायचं ते मागून ठरवा, कोणाच्या हातात जाणार ते आधी.

मिस्त्रीसाठी मी आता ए-४ साइजचा लॅमिनेट केलेला चार्ट देतो, त्यावर चाळणीची भोकं खरोखरच्या मापात छापलेली, म्हणजे जुनी चाळणी त्यावर ठेवली की कोणती पाहिजे ते डोळ्यानंच कळते, वरच्या कोपऱ्यात छिद्र पाडून तार ओवून देतो, तो मशीनच्या पॅनलजवळ लटकवून ठेवतो. माझे काही चार्ट ग्रीसच्या बोटांनी इतके काळे झालेत की माझं नाव वाचता येत नाही, पण नंबर वाचता येतो, बस. छापताना एक सांभाळा, पहिल्या खेपेला प्रिंटवाल्यानं फिट टू पेज मारलं आणि ६ एमएमचं भोक पावणेसहाचं होऊन बसलं, ते मला स्केल लावल्यावर समजलं, नाहीतर ऑर्डरच चुकली असती. चार्टसोबत साध्या कागदाचं पॅड द्या, ज्यावर बकेटची आकृती आणि लांबी, रुंदी, खोली, बोल्टच्या दोन भोकांतलं अंतर यासाठी रिकाम्या जागा. मिस्त्री भरतो, फोटो काढतो, व्हॉट्सॲपला टाकतो, झाली ऑर्डर. माझी अर्ध्याहून जास्त कामं आता याच पॅडवरून येतात, कॅटलॉगवरून एक आलं असेल नसेल.

मालकाला एकच पान, त्यात माल किती दिवसांत मिळेल, बदलून द्यायची हमी काय, आणि कोणत्या मिलमध्ये चालू आहे (त्यांना विचारून मगच नाव टाका, नाहीतर दोन शेठांचं आपसात काय चालू असते आपल्याला माहीत नसते). व्हिडिओ करायचाच तर मोबाइलवर चाळीस सेकंदांचा, चालू मशीनचा, तिच्याच आवाजासकट, मागं गाणं लावू नका, मिलवाला आवाजावरून ओळखते मशीन कशी चालते ते. आणि पीडीएफ एक-दोन एमबीच्या वर नको, खेड्यात ती उघडेपर्यंत माणूस दुसऱ्या कामाला लागलेला असते.

मुनीमला कोणी विचारतच नाही आणि बिल तर तोच काढतो. कोटेशनवर जीएसटी नंबर, एचएसएन (मालाचा जीएसटीतला कोड), बँक खातं आणि उद्यम (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) नंबर ठळक टाका. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि आयकराच्या नियमामुळं (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) उशीर झाला तर मिलवाल्याला ज्या वर्षात पैसे दिले त्याच वर्षात तो खर्च दाखवता येते. हे तुम्ही भांडून सांगायची गरज नाही, उद्यम नंबर दिसला की त्यांचा सीए स्वतःच मार्चमध्ये मुनीमच्या मागं लागते.

वेबसाइट एका पानाची पुरे. त्याच्याआधी गूगल मॅपवर वर्कशॉपचं ठिकाण बरोबर टाका, आमच्याकडं ट्रकवाला पाच वेळा फोन करत होता आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच गावाच्या फाट्यावर उभा.

अजून एक, वेळ. सगळे दिवाळीला कॅलेंडर वाटतात, पण तोवर जिनिंग चालू होऊन जाते आणि मिस्त्रीला मान वर करायला वेळ नसते. मी चार्ट आणि पॅड जून-जुलैमध्येच देऊन येतो, मशीन तेव्हा खोलून पडलेली असते, तो तिथंच माप घेते.

आणि हो, चार्टवर एमएमसोबत सूत पण लिहा, आठ सुताचा एक इंच. आमच्याकडचे जुने मिस्त्री "चार सुताचा बोल्ट" असंच म्हणतात, बारा-तेरा एमएम म्हटलं की तोंडाकडं पाहत बसतात.