वाचकांचे प्रश्न : क्यूआर कोड फिरवण्याआधी

प्रश्न : आमच्या गावातल्या सात वर्षांच्या मुलीच्या हृदयावर शस्त्रक्रिया करायची आहे. व्हिडिओ करून तिच्या वडिलांचा क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावा, असे आम्हा मित्रांचे ठरले आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, चोपडा तालुका)

उत्तर : व्हिडिओ दोन दिवस थांबू द्या. आधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनीसाला) गाठा. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल आणि ती शस्त्रक्रिया यादीत असेल, तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. शाळा-अंगणवाडीत मुले तपासणारे जे वैद्यकीय पथक येते, त्यांच्याकडेही जन्मजात हृदयदोषाची नोंद करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशा शस्त्रक्रिया होतात. तिसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. एवढे करून उरतो तो मुंबई-पुण्याचा मुक्काम, प्रवास आणि बाहेरची औषधे. आवाहन तेवढ्याच रकमेचे करा.

आवाहनात रुग्णालयाच्या अंदाजपत्रकाची रक्कम, आजची तारीख आणि मदत कधी बंद होणार ती तारीख चित्रावरच छापा. खाली लिहिलेला मजकूर पुढे पाठवताना गळून पडतो, चित्र तेवढे फिरत राहते. तारीख नसलेले आवाहन मूल बरे होऊन शाळेत जाऊ लागले तरी थांबत नाही. क्यूआर कोडशेजारी खातेदाराचे नाव ठळक लिहा, कारण चित्रातला कोड बदलून स्वतःचा चिकटवणारे महाभाग असतात. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर दिसणारे नाव जुळवा, हे देणाऱ्यांना सांगा. घरच्यांना मात्र उलटे बजावा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणणारा चोर.

खाते आई-वडिलांचे संयुक्त, फक्त याच कामाचे. कापसाचे पैसे आणि मदत एकाच पासबुकात मिसळली की हिशोब देताना तोंडचे पाणी पळते. शेकडो छोट्या रकमा अचानक जमा झाल्या की बँक चौकशी करू शकते, म्हणून रुग्णालयाचे पत्र शाखेत आधीच देऊन ठेवा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांच्या वर रक्कम आली तर आयकरात ती उत्पन्न धरली जाऊ शकते. त्यामुळे मोठी रक्कम देणाऱ्याला थेट रुग्णालयाच्या खात्यात भरायला सांगा आणि सीएला एकदा विचारा. व्यक्तीला दिलेल्या मदतीवर देणाऱ्याला ‘८०जी’ची (देणगीवरच्या आयकराची) सूट मिळत नाही, तसे खोटे आश्वासन देऊ नका. पैसे उरले तर कुठे जातील, हे पहिल्याच दिवशी लिहून टाका. आणि मुलीची शाळा, घराचा पत्ता, आधार क्रमांक दिसणारे कागद व्हिडिओत नकोत.

प्रश्न : बर्फाच्या बादलीसारखे चॅलेंज काढून गावाजवळच्या टेकडीवर चर खोदायचे आहेत. जमेल का? (तरुण मंडळ, पारोळा तालुका)

उत्तर : जमेल, पण त्या बादलीत काय होते ते आधी पाहू. डोक्यावर बर्फाचे पाणी ओतायचे, व्हिडिओ टाकायचा आणि पुढच्यांना आव्हान द्यायचे, असे ते चॅलेंज. २०१४ मध्ये त्यातून अमेरिकेतल्या एएलएस (मज्जातंतूंचा एक आजार) संघटनेला सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळाले. कृती मिनिटाची, पुढच्यांची नावे जाहीर घेतलेली आणि मुदत २४ तासांची, म्हणून ते पसरले. हैदराबादेत त्याच वर्षी त्याची तांदळाची बादली झाली: गरजूला बादलीभर तांदूळ द्या आणि फोटो टाका. खानदेशात मे महिन्यात डोक्यावर पाणी ओतायला गेलात, तर टँकरच्या रांगेतली बाई काय म्हणेल ते इथे छापता येणार नाही.

तुमचे चॅलेंज ‘जोडीने पाच मीटर’ असे ठेवा. सलग समतल चर (उताराला आडवा, एकाच उंचीवर खोदलेला) ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल धरला, तर पाच मीटरला ०.९ घनमीटर माती निघते. साध्या मुरमात दोघांचे ते एका सकाळचे काम आहे. दोघांत एक टिकाव, एक फावडे, एक घमेले. हत्यारे असतील तेवढीच माणसे बोलवा. नुसती उभी राहिलेली माणसे पुढच्या रविवारी येत नाहीत.

आखणी आदल्या दिवशीच हायड्रोमार्कर किंवा ए-फ्रेम या समपातळी दाखवणाऱ्या साधनाने करून फक्की टाका. नजरेने आखलेला चर हमखास तिरका जातो. मग पाणी खालच्या टोकाला धावते, तिथला भराव फुटतो आणि टेकडीला नवी घळ पडते, म्हणजे न खोदलेले बरे. माती उताराच्या बाजूला, काठापासून वीतभर सोडून टाका. वेळ सकाळी ६ ते साडेनऊ. शंभर माणसांना माणशी दोन लिटर म्हणजे वीस लिटरचे दहा जार पाणी. टेकडी वनखात्याची असेल तर लेखी परवानगी घ्या. नाश्ता-डिझेलसाठी जाहीर वर्गणी काढणार आणि मंडळ नोंदणीकृत नसेल, तर गणेश मंडळे घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची ४१-क परवानगी घ्या.

चर खोदून झाले तरी टेकडी सांभाळावी लागतेच. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे जंगल व्हिडिओने वाढलेले नाही. तिथल्या या कामाचे पुढारी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, पण गाव त्याआधी अनेक वर्षे जंगलतोडीविरुद्ध स्वतःचेच नियम पाळत होते.

प्रश्न : रस्त्याच्या खड्ड्यांचा आमचा व्हिडिओ गाजला, डागडुजी झाली, पहिल्या पावसात पुन्हा खड्डे. आता? (वाचक, रावेर)

उत्तर : आता कागद मागा. रस्ता जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की ग्रामसडक योजनेचा, हे आधी ठरवा; चुकीच्या दारात गेलेला अर्ज फिरत बसतो. माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून करा. कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची प्रत आणि दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करायचा), एवढेच मागा. ‘रस्ता खराब का?’ असे विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद दाखवायला आहेत. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, मग ९० दिवसांत दुसरे, राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर पाच वर्षे देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात असते. त्या मुदतीची तारीख हाती आली की दुसरा व्हिडिओ त्या तारखेसकट करा.

प्रश्न : अमेरिकेतला भाचा आमच्या वाचनालयाला पैसे पाठवू म्हणतो. चालेल? (वाचक, शहादा)

उत्तर : पासपोर्ट विचारा. भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत येत असतील, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर संस्थेची एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी लागते आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. नोंदणी नसताना घेऊ नका, दहा डॉलरसुद्धा.