मुलीला बँकेची परीक्षा द्यायला लावू की बायोस्टॅटिस्टिक्स करू देऊ?

राम राम भाऊ,

चोपड्याहून तुमचं पत्र मिळालं. मुलगी बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला, तुम्हाला वाटतं तिने बँकेची परीक्षा द्यावी, आणि ती म्हणते बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीचा अभ्यास, करून एचआयव्ही असलेल्या किशोरवयीन मुलांच्या उपचारांवर आकडेवारीचं काम करायचंय, त्यात लागण व्हायची भीती अन् नोकरीची खात्री नाही असं तुमचं म्हणणं. लागणीचं आधी सांगतो, सोबत बसल्याने, जेवल्याने एचआयव्ही होत नाही, आणि तिचं काम बहुतेक कॉम्प्युटरवर, नावं वगळलेल्या डेटावर असेल.

आता खरं काम ऐका. सरकारी एआरटी सेंटरवर (एचआयव्हीच्या उपचाराचं केंद्र) 2004 पासून औषध मोफत मिळतंय, त्यामुळे जन्मतः लागण झालेली कितीतरी मुलं आज कॉलेजात जातात. पण 10 ते 19 हे वय लई नाजूक, हॉस्टेलात कुणी गोळ्या बघेल म्हणून लपवतात, मग चुकवतात, मग व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वाढतो. समजा एका सेंटरला अशी 100 मुलं आहेत, तपासणी 70 जणांची झाली आणि त्यातल्या 63 जणांचा लोड आटोक्यात. रिपोर्टात 90 टक्के लिहून मोकळं होता येतं! पण उरलेल्या 30 चं काय? धडगाव-अक्कलकुव्याकडची असतील तर आईबापासोबत गुजरातला ऊसतोडीला गेली असतील, तिथे औषध घेत असतील किंवा सोडलंही असेल. त्यांना बरी धरणं चूक आणि बिघडलेली धरणंही चूक. मिसिंग डेटा (न मिळालेली माहिती कशी हाताळायची), सर्व्हायवल अ‍ॅनालिसिस (एखादी गोष्ट किती काळाने घडते याचा हिशेब) हे सगळं इथेच लागतं, उपचारातून कोण कधी सुटतं आणि आता कोण सुटायच्या बेतात आहे हे त्यातून कळतं, म्हणजे सेंटरवरच्या समुपदेशकाने आधी फोन कुणाला करायचा ते ठरतं. मला हे फार मोलाचं काम वाटतं भाऊ.

शिक्षण जवळच आहे, जळगावला आपल्या विद्यापीठात एमएस्सी स्टॅटिस्टिक्स, नाहीतर मुंबईत देवनारच्या आयआयपीएसला (लोकसंख्या-अभ्यासाची संस्था) बायोस्टॅटिस्टिक्स. आकडेवारीचं आर सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच सुरू करू द्या. पुढे आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्था (एड्सवरची पुण्यात भोसरीला आहे), मेडिकल कॉलेज, क्लिनिकल ट्रायलच्या (औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या) कंपन्या. सुरुवातीला बऱ्याच नोकऱ्या प्रोजेक्टपुरत्या असतात हे धरून चाला, पण कंपन्यांत हीच विद्या चालते त्यामुळे ती अडकून पडणार नाही.

बँकेचा फॉर्म भरायचा तर भरा, पण त्या नादात एमएस्सीच्या प्रवेशाच्या तारखा चुकवू नका. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, सोबत शेवटच्या दोन सेमचे मार्क पाठवायला सांगा.