रोबोटिक सर्जरीत कॅमेऱ्याची लेन्स सारखी धूसर होते, बेडसाइडला काय करावं?

तुम्ही विचारलंय की नवी मुंबईतल्या रुग्णालयात रोबोटिक ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नव्याने लागलात, केस सुरू झाली की दर थोड्या वेळाने स्कोप, म्हणजे पोटात जाणारा कॅमेरा, बाहेर काढून पुसावा लागतो, कन्सोलवर बसून रोबोट चालवणारे सर्जन सर वैतागतात, आणि सिस्टर म्हणतात की पावसाळ्यात हे चालायचंच. मी ठाण्यात बेडसाइडलाच, म्हणजे पेशंटच्या शेजारी उभा राहून, काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावसाळ्याचा मुद्दा आधी निकालात काढू. पेशंटच्या पोटातली हवा वाशीत काय नि नागपुरात काय, ३७ अंशांच्या आसपास आणि जवळजवळ पूर्ण दमट असते. ३७ अंशांना एका घनमीटर हवेत साधारण ४४ ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना जेमतेम १७. ओटीच्या एसीत गार पडलेली काच आत गेली की जास्तीची वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. एसी लोकलमधून ठाणे स्टेशनला उतरल्यावर चष्म्याचं होतं तेच. म्हणजे दोष जुलैचा नाही, गार स्कोपचा आहे.

पण प्रत्येक धूसरपणा म्हणजे धुकं नव्हे, आणि घोळ इथेच होतो. स्कोप ओढून काढण्याआधी पाच-दहा सेकंद पडद्याकडे नीट बघा. आत टाकल्याबरोबर सगळीकडे सारखा पांढरा पडदा आला आणि मिनिटभरात आपोआप विरळ होऊ लागला, तर ते धुकं. स्कोपच्या दिव्यामुळे टोक तापतं, म्हणून ते जातं; थोडं थांबा. कडा असलेला ठिपका किंवा ओघळ असेल आणि स्कोप हलवला तरी चित्रात त्याच जागी राहत असेल, तर काचेवर रक्त, चरबी किंवा पाण्याचा थेंब आहे. कॉटरीचा (विजेने ऊती जाळून रक्त थांबवणाऱ्या उपकरणाचा) पेडल दाबला की धूसर आणि सोडल्यावर हळूहळू स्वच्छ, तर धूर. त्यासाठी स्कोप काढून काही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही. स्कोपला दोन डोळे असतात, पण ट्रॉलीवरच्या पडद्यावर सहसा एकाच डोळ्याचं सपाट चित्र दिसतं. त्यामुळे तुम्हाला सगळं लख्ख दिसतं आणि सर म्हणतात दिसत नाही. अशा वेळी वाद घालू नका. दुसऱ्या डोळ्यासमोर डाग असेल तर कन्सोलवर खोली (डेप्थ) कळत नाही आणि डोकं दुखतं. स्कोप काढा आणि पूर्ण टोक पुसा, अर्धं नाही.

आता पाण्याबद्दल. उघड्या बाउलमधलं गरम पाणी ओटीच्या एसीत बघता बघता कोमट होतं, आणि मग तुम्ही स्कोप धुताय असं वाटतं, प्रत्यक्षात गार करताय. निर्जंतुक करता येईल असा उभा, अरुंद स्टीलचा थर्मास घ्या, तळाशी गॉझची घडी ठेवा म्हणजे टोक धातूवर आपटणार नाही. पाणी ५० अंशांच्या आसपास असू द्या. उकळतं नको. एक तर कॅमेऱ्याची चिप टोकातच असते आणि चिकटवलेल्या सांध्यांना तो धक्का सोसत नाही. दुसरं, ६० अंशांच्या वर रक्तातली प्रथिनं गोठतात आणि डाग काचेवर शिजून बसतो. नेमकी वरची मर्यादा तुमच्या स्कोपच्या माहितीपुस्तकातून घ्या, कारण दा विंची एक्सआय या रोबोटचा ८ मिमीचा स्कोप आणि दुसऱ्या यंत्रांचे स्कोप यांच्या सूचना वेगळ्या असतात. शक्य असेल तर सलाइनऐवजी स्टेराइल डिस्टिल्ड वॉटर वापरा. सलाइन काचेवर वाळलं की मिठाचा थर राहतो, आणि दिव्याने तापलेल्या काचेवर ते लगेच वाळतं.

पुसायचा क्रम असा ठेवा: टोक पाण्यात दहा-पंधरा सेकंद, मग ओल्या, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने दोन-तीन हलके फेरे, मग कोरड्याने टिपून घ्यायचं, आणि शेवटी अँटीफॉग (धुकं न धरू देणारं द्रावण). साधा गॉझ काचेवर धागा सोडतो आणि तो धागा आत गेल्यावर दोरीएवढा दिसतो. अँटीफॉग स्पंजवर एक-दोन थेंब पुरे. जास्त लावलं तर तेलकट पट्टे दिसतात, आणि लोक तेच धुकं समजून पुन्हा काढतात, पुन्हा लावतात. बहुतेक अँटीफॉगमध्ये अल्कोहोल असतं. ते वाळू द्या, मगच आत घाला. काही ठिकाणी अँटीफॉग नसलं की बिटाडिन लावून पुसतात. त्याने काम भागतं, पण नीट पुसलं नाही तर चित्राला पिवळी छटा येते. चरबीचा डाग मात्र नुसत्या पाण्याने निघत नाही, उलट पसरतो. तिथे अँटीफॉगमधला साबणासारखा घटकच लागतो, म्हणून आधी त्याने पुसा, मग पाणी, मग परत पातळ थर.

एवढं करूनही आत जाताच परत डाग येत असेल तर स्कोपला सोडा, कॅन्युलाकडे बघा, म्हणजे ज्या नळीतून स्कोप पोटात जातो तिच्याकडे. माझ्या मते सारख्या पुसण्यामागचं सर्वांत दुर्लक्षित कारण हेच. कॅन्युलाच्या आतल्या भिंतीवर किंवा सीलवर (गॅस अडवणाऱ्या झडपेवर) रक्त असेल तर स्वच्छ केलेली काच तिथून जाताना दर वेळी माखते. लांब फोर्सेप्सला गॉझची पट्टी धरून आतून पुसा, गॉझ स्वच्छ निघेपर्यंत. ही पट्टी काउंटमध्ये (वापरलेल्या गॉझ-सुयांच्या मोजणीत) आहे हे स्क्रब सिस्टरला मोठ्याने सांगा. सील माखला असेल तर बदला. पोर्टच्या जागी (कॅन्युला आत जाते त्या छिद्राशी) त्वचेखालून रक्त झिरपत असेल तर ते कॅन्युलाच्या बाहेरून उतरून टोकाशी लोंबतं, तेव्हा सरांना सांगून ते आधी थांबवा. स्थूल पेशंटमध्ये अजून एक: कॅन्युला थोडी बाहेर सरकून तिचं टोक पोटाच्या भिंतीतल्या चरबीतच राहतं आणि स्कोप जाताना ती चरबी घेऊन जातो. कॅन्युलावरची जाड काळी पट्टी भिंतीच्या पातळीला आहे का बघा.

पोट फुगवणाऱ्या गॅसची नळी कॅमेऱ्याच्या पोर्टला लावलेली असेल तर दुसऱ्या पोर्टला हलवा. सिलिंडरचा सीओटू गार आणि कोरडा असतो. असिस्टंटने सक्शन सतत चालू ठेवलं की इन्सफ्लेटर (गॅस सोडणारं यंत्र) तेवढाच गॅस जोरात आत ढकलतो आणि तो थेट काचेवरून जातो. सक्शन तुकड्या-तुकड्यात करा. धुरासाठी स्कोपपासून लांबच्या पोर्टमधून, फिल्टर लावून, थोडं थोडं व्हेंट करा. इरिगेशन आणि कॉटरीच्या वेळी सरांना कॅमेरा दोन-तीन सेंटीमीटर मागे घ्यायला सांगायला संकोच करू नका. ३० अंशांचा स्कोप वर तोंड करून ठेवला असेल तर वरून पडणारा प्रत्येक थेंब काचेवरच येतो.

लॅपरोस्कोपीत काही जण लेन्स लिव्हरला किंवा पेरिटोनियमला (पोटाच्या आतल्या अस्तराला) टेकवून पुसतात. ते इथे करू देऊ नका. एक्सआयवर सरांच्या हाताला स्पर्श जाणवत नाही, आणि टोक तापलेलं असतं. टोक तापलेलं असतं म्हणूनच बाहेर काढलेला, दिवा चालू असलेला स्कोप ड्रेपवर (पेशंटवरच्या निर्जंतुक कापडावर) ठेवू नका. ड्रेप करपतो, पेशंटला भाजतं. काढण्याआधी "कॅमेरा बाहेर" म्हणा, उपकरणं दिसताहेत, सुई मोकळी नाही याची खात्री करा. परत टाकताना सरळ, हळू, पडद्यावर नजर ठेवून.

शेवटी सीएसएसडी, म्हणजे उपकरणं धुऊन निर्जंतुक करणारा विभाग. केस सुरू होण्याआधी, कोरड्या स्कोपवर प्रकाशात धरल्यावर पांढुरके गोल डाग दिसले तर ते धुण्याच्या पाण्यातल्या क्षारांचे आहेत. घोडबंदर रोडच्या बाजूला टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्या इमारती कमी नाहीत. शेवटचं विसळणं आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्यानेच व्हावं आणि नंतर लेन्स टिपून कोरडी व्हावी, हे लेखी मागून घ्या. आणि बाहेरून कितीही पुसलं, गरम केलं, तरी धूसरपणा त्याच जागी राहत असेल तर ओल काचेच्या आत शिरली आहे. तो स्कोप त्याच केसमध्ये बाजूला ठेवा, राखीव स्कोप घ्या, आणि बायोमेडिकलला (उपकरणं दुरुस्त करणाऱ्या विभागाला) पाठवताना चिठ्ठीवर "पुसून जात नाही" असं स्पष्ट लिहा, नाहीतर तो धुऊन दुसऱ्या दिवशी परत तुमच्याच टेबलावर येतो.