प्रार्थनेचा अर्धा तास लॉगबुकात धरायचा का?

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि सकाळी सगळ्यात आधी हे उत्तर लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की समाजकार्याचं शिक्षण चालू आहे, एका ख्रिस्ती संस्थेत 300 तासांची इंटर्नशिप मिळाली आहे आणि सोमवारी रुजू व्हायचंय. संस्थेचा दिवस अर्ध्या तासाच्या सामूहिक प्रार्थनेने सुरू होतो, त्यांनी सहीसाठी 'स्टेटमेंट ऑफ फेथ' (संस्थेच्या धर्मश्रद्धेचं निवेदन) पाठवलंय आणि तुम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. कॉलेजात विचारलं तर उत्तर मिळालं, "आधी रुजू व्हा, कागदाचं मागाहून बघू." हे शेवटचं वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. जवळजवळ याच शब्दांत मला हे सांगितलं गेलं होतं, आणि त्यात माझे सहा महिने गेले.

अर्ज, रिझ्युमे, मुलाखत यांवर मी काही लिहीत नाही, ते तुम्ही पार केलंच आहे. थेट त्या अर्ध्या तासाकडे येते.

माझीही इंटर्नशिप 300 तासांचीच होती. रोज साडेआठ ते दीड, म्हणजे पाच तास, आठवड्याचे पाच दिवस, एकूण बारा आठवडे. साडेआठ ते नऊ डिव्होशन असायचं: एखादं गीत, बायबलमधला एक उतारा, त्यावर कुणीतरी दोन शब्द बोलायचं आणि मग प्रार्थना. दर बुधवारी शिवाय तासभर चॅपल, म्हणजे सगळ्यांची एकत्र उपासना. मी ख्रिस्ती नव्हते, पण तिथे बसायला मला कधी अवघड वाटलं नाही. उलट, आदल्या दिवशी भेटलेल्या कुटुंबांची नावं घेऊन लोक प्रार्थना करत, तेव्हा कोणावर काय प्रसंग आलाय हे मला तिथेच पहिल्यांदा कळायचं. संस्थेच्या दृष्टीने कामाचा दिवस साडेआठला सुरू व्हायचा, म्हणून हजेरीही साडेआठची. मी लॉगबुकात रोज लिहीत गेले: 8.30 ते 1.30, पाच तास.

चूक झाली ती इथे. आठवड्याचे अडीच तास डिव्होशनचे आणि एक चॅपलचा, असे साडेतीन. बारा आठवड्यांचे 42. हे 42 तास मी वेगळे दाखवले नव्हते.

पहिल्या आठवड्यात मी कॉलेजच्या इंटर्नशिप कक्षात जाऊन विचारलं होतं. खिडकीपलीकडून उत्तर आलं, "संस्था देईल तेवढे तास लिहा." मी ते खरं मानलं. कुणाचं नाव टिपलं नाही, तारीख टिपली नाही, घरी येऊन दोन ओळींचा मेल टाकला नाही. बारा आठवड्यांनी लॉगबुक जमा केलं. तीन आठवडे काहीच कळलं नाही. मग ते परत आलं, वर एका ओळीचा शेरा: धार्मिक कार्यक्रमांचे तास ग्राह्य नाहीत, आणि ते किती हे नोंदींवरून ठरवता येत नाही, सबब संपूर्ण नोंद अग्राह्य. फक्त 42 कापले असते तर दोन आठवड्यांहून कमी काळात ते भरून दिले असते. 300 च्या 300 गेले.

माझ्या पर्यवेक्षक बाईंनी त्याच दिवशी बसून तारीखवार तक्ता तयार केला, सही-शिक्का करून दिला. कक्षाने तो घेतला नाही, कारण तो नंतर केलेला होता. "पण मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं" असं म्हटल्यावर समोरून विचारलं, कुणाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या सत्राचं क्रेडिट बुडालं, पदवी पुढच्या सत्रात ढकलली गेली. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही राग येतो. नियम कडक होता याचा राग नाही. ज्यांचं कामच विद्यार्थ्याला नियम सांगणं आहे त्यांनी तो विचारल्यावरही सांगितला नाही, आणि भुर्दंड मात्र पूर्ण लावला, याचा आहे. त्या खिडकीशी अर्धा-अर्धा तास उभं राहून रडवेली झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांपैकी कुणीही कामचुकार नव्हतं.

नियमाबद्दल मात्र न्यायाने बोलायला हवं. तो जगावेगळा नाही. अमेरिकेतल्या अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवायोजनेचे सदस्य ख्रिस्ती संस्थांमध्येही काम करतात. पण सेवेचे तास मोजताना उपासना, धर्मशिक्षण आणि धर्मप्रसार त्यात धरता येत नाही. स्वतःच्या वेळेत सदस्याने हवी तेवढी प्रार्थना करावी, त्याला कोणी अडवत नाही. सार्वजनिक पैसा किंवा शैक्षणिक क्रेडिट आलं की ही रेघ कुठे ना कुठे ओढली जाते. काही कॉलेजं डिव्होशनला 'कर्मचारी बैठक' समजून चालवून घेतात, धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तर तोच अभ्यास असतो. म्हणजे तुमच्याकडे काय चालतं हे तुमच्या कॉलेजनेच सांगायला हवं, आणि लेखी सांगायला हवं.

तोवर लॉगबुक असं ठेवा. रोजच्या नोंदीत प्रार्थना, चॅपल, सुवार्तेचा कार्यक्रम यांची वेळ वेगळ्या ओळीत. प्रत्यक्ष काम वेगळ्या ओळीत, तेही नेमकं: दोन घरभेटी, एका केसची टिपणं, मुलांच्या अभ्यासवर्गात दीड तास. 'ऑफिसचं काम' असा मोघम शब्द नको. दर शुक्रवारी पर्यवेक्षकांची तारखेसह सही घ्या, महिनाअखेरीस एकगठ्ठा नको. त्या सहीच्या पानाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. आणि वेळापत्रक आखताना प्रार्थनेचे तास वगळूनच 300 भरतील असं आखा. माझ्यासारखं वेळापत्रक असेल तर बाराऐवजी चौदा आठवडे लागतील. कॉलेजने पुढे ते तास धरले तर उत्तमच.

आता त्या स्टेटमेंट ऑफ फेथबद्दल. मी वकील नाही आणि देशागणिक कायदा वेगळा असतो, त्यामुळे यातलं काही सल्ला म्हणून धरू नका. पण कागद नीट वाचा, कारण या नावाखाली दोन अगदी वेगळे कागद फिरतात. एकात लिहिलेलं असतं, "संस्थेची श्रद्धा अशी आहे, ती मी समजून घेतली आहे आणि कामाच्या ठिकाणी तिचा मान राखीन." दुसऱ्यात असतं, "मी विश्वास ठेवतो की..." आणि पुढे त्रैक्य, पुनरुत्थान, बायबलचा अधिकार. पहिल्यावर सही करायला मला काही अडचण दिसत नाही. दुसऱ्यावर, तुमचा तो विश्वास नसेल तर, करू नका. 'सगळेच करतात, नुसती औपचारिकता आहे' असं कोणी म्हणालं तरी नको. त्या लोकांसाठी ते शब्द औपचारिक नाहीत. आपण खोटी सही केली तर ज्यांच्या शेजारी तीन महिने बसायचंय त्यांच्याशीच खोटं बोललो.

संस्थेला अशी अट घालता येते का, हा प्रश्न तुम्ही विचारलाय. अमेरिकेत 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. मॉर्मन चर्चच्या व्यायामशाळेत इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, चर्चचं सदस्यत्वविषयक प्रमाणपत्र नाही म्हणून, काढून टाकलं होतं. न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला. काम धार्मिक नसलं तरी ना-नफा धार्मिक संस्थेला कर्मचारी निवडताना धर्म बघता येतो, असा त्याचा अर्थ निघाला. युरोपात वारं थोडं वेगळं आहे. जर्मनीत चर्चशी जोडलेल्या संस्थेने नोकरीसाठी न निवडलेल्या एगेनबेर्गर यांच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं की धर्माची अट त्या विशिष्ट कामाच्या स्वरूपाशी जोडलेली हवी आणि ती तशी आहे का हे न्यायालय तपासू शकतं. दोन्ही प्रकरणं नोकरीतली आहेत. इंटर्नला ती कितपत लागू होतात हे तुमच्या देशातल्या जाणकारालाच विचारा.

माझं मत विचाराल तर भांडण्याआधी एक साधा मेल पुरतो: "मी ख्रिस्ती नाही. तुमच्या मूल्यांचा मान राखीन, प्रार्थनेला शांतपणे उपस्थित राहीन, पण या मजकुरावर प्रामाणिकपणे सही करू शकत नाही. इंटर्नसाठी वेगळा मसुदा आहे का?" मी असंच विचारलं होतं आणि मला वेगळा मसुदा मिळाला. संस्था 'नाही' म्हणाली तर ती तुमच्यासाठी योग्य जागा नव्हती, आणि हे रुजू होण्याआधी कळलेलं केव्हाही बरं. ख्रिस्ती संस्था म्हणजे एकच एक साचा, असं समजू नका. वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना 1844 मध्ये लंडनला सुरू झाली तेव्हा तरुणांची प्रार्थना आणि बायबलवाचन हाच तिचा गाभा होता. आज तिच्या कितीतरी शाखांत धर्माचा प्रश्नही कोणी विचारत नाही. दुसरीकडे साल्व्हेशन आर्मी सेवाकार्य करते आणि चर्चही आहे. तुमची संस्था या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते, ते तिच्या नावावरून कळणार नाही.

ते कळायला एक प्रश्न मला फार उपयोगी पडतो: मदत घ्यायला आलेल्या माणसाने प्रार्थनेला बसणं बंधनकारक आहे का? आपत्तीनिवारणासाठी रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांची 1994 ची आचारसंहिता आहे. मदत गरज पाहूनच द्यायची आणि ती एखादी राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटायला वापरायची नाही, असं तिच्यात स्पष्ट म्हटलंय. ती तयार करणाऱ्यांत कारितास इंटरनॅशनॅलिस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संघटनाही होत्या. त्यामुळे "तुम्ही ही आचारसंहिता पाळता का?" हा प्रश्न ख्रिस्ती संस्थेला विचारण्यात अपमान काहीच नाही. चांगल्या संस्थेत या प्रश्नाचं उत्तर क्षणात मिळतं.

ओघात आठवलं म्हणून दोन गोष्टी. काही संस्था इंटर्नला 'सपोर्ट' उभारायला सांगतात, म्हणजे ओळखीच्यांकडून देणग्या गोळा करून त्यातून त्याचा खर्च भागवायचा. तुमच्या पोस्टमध्ये तसा उल्लेख नाही, पण पुढे निघाला तर आधी विचारा की मी मध्येच सोडलं तर त्या पैशाचं काय होतं. देणगी संस्थेच्या नावे जमा होते, तुमच्या नाही. मावशीने तुमच्यासाठी म्हणून दिलेली रक्कम परत मिळेल असं गृहीत धरू नका. दुसरं, मुलांचे फोटो. संस्थेच्या वृत्तपत्रिकेसाठी कोणी काढायला सांगितले तरी पालकांची लेखी संमती पाहिल्याशिवाय काढू नका, आणि स्वतःच्या फोनमध्ये तर ठेवूच नका.

सोमवार जवळ आलाय, म्हणून आज हे करा. कॉलेजच्या कक्षाला मेल पाठवा, प्रत विभागप्रमुखांना आणि संस्थेतल्या पर्यवेक्षकांना. त्यात लिहा: "संस्थेच्या वेळापत्रकात रोज अमुक मिनिटं प्रार्थना आणि आठवड्यातून एकदा चॅपल आहे. हे तास 300 मध्ये धरायचे की नाहीत, हे कृपया लेखी कळवावं. उत्तर येईपर्यंत मी त्यांची नोंद स्वतंत्र ठेवत आहे. कॉलेज, संस्था आणि मी यांच्यातल्या त्रिपक्षीय करारावर कॉलेजची सही रुजू होण्याआधी मिळावी, ही विनंती." शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर विभागप्रमुखांना प्रत्यक्ष भेटा, आणि करारावर सही होत नसेल तर संस्थेकडे आठवडाभराची मुदत मागा. माझ्या अनुभवात संस्था अशी मुदत सहज देतात.

स्टेटमेंटचा मजकूर इथे टाकणार असाल तर संस्थेचं आणि माणसांची नावं खोडून टाका. मी संध्याकाळी पुन्हा येऊन वाचीन.