१२ या आकड्यात एवढं काय आहे, सगळीकडे तोच का दिसतो?

माझ्या मते खरं कारण एकच, १२ चे वाटे मस्त पडतात. २, ३, ४, ६ कशानेही भागा, बाकी शून्य. १० ला ३ ने भागून बघा, लगेच अडतं. म्हणून तर डझन टिकून आहे आणि १२ डझन म्हणजे १४४ चा एक ग्रोस.

आणि हे हातावरच मोजता येतं बरं का, अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, अंगठ्याचं टोक एकेका पेरावर ठेवत गेलात की करंगळीच्या टोकाला बरोबर १२ होतात, आत्ता करून बघा, मला तर हे फार आवडतं.

बाकी वर्षाचे महिने १२, घड्याळाचे आकडे १२, राशी १२, पेटीवर एका सप्तकात पांढऱ्या ७ आणि काळ्या ५ मिळून पट्ट्या १२च. आपल्या मराठीत तर बाराखडीपासून सुरुवात, शिवाय 'बारा वाजले' म्हणजे वाट लागली, 'बारा गावचं पाणी प्यायलेला' म्हणजे पक्का अनुभवी माणूस आणि 'बारा भानगडी' म्हणताना तर कुणी मोजत पण नाही, तिथे बारा म्हणजे नुसतं 'खूप'.